तीन आडव्या पट्ट्या

नाशिक, ९ जुलै २०२४

ती. पद्माकरदादा,
सा. न.

पत्र पाहून म्हणशील, मावसबहीण नेमकी कामापुरती आठवण काढते. काढते खरी. आधी फोन केला होता. आभावहिनी म्हणाल्या, कानातलं यंत्र फोनजवळ नेलं की शिट्टी वाजते आणि ते चिडतात, त्यापेक्षा पत्र पाठवा, पत्र चारदा वाचतात. म्हणून हे पत्र, आणि कुरियरनं वेगळा एक खोका.

खोक्यात यांचं इंजिन आहे. हे गेले त्याला या महिनाअखेर सहा महिने होतील. दोन वर्षांपूर्वी नील इंग्लंडहून आला तेव्हा त्यानं बाबांसाठी हा संच आणला होता. पितळेचे पातळ पत्रे, त्यांत इंजिनाचे सगळे भाग आम्लानं कोरलेले. एकेक भाग पत्र्यातून कापून काढायचा, घडी घालायची आणि सोल्डरनं जोडायचा. तुमच्या डभोईच्या नॅरोगेजवर धावायचं तसलं वाफेचं इंजिन, लांबीला वीतभर. प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेला माणूस तो. दोन दिवस नुसते पत्रे उलटसुलट करून बघत होते.

इंजिन जवळजवळ पुरं झालंय, पण चालत नाही. आत छोटी मोटर आहे, जेवणाच्या टेबलावर मावेल एवढं रुळांचं कडंही आहे. रुळावर ठेवलं की डुलतं आणि चार बोटं जाऊन थांबतं. जानेवारीत वर्षश्राद्ध. त्याआधी ते एकदा तरी पुरं कडं फिरावं, एवढं मला हवंय. यांनाही तेच हवं होतं. तू चाळीस वर्षं खरी इंजिनं दुरुस्त केलीस, हे तर खेळण्याएवढं आहे. मात्र यांच्या हातचं आहे, एवढं लक्षात ठेव.

तुझी
प्रतिमा


समा, बडोदे, २० जुलै २०२४

चि. प्रतिमास अनेक आशीर्वाद.

खोका पोचला. कापूस, वर्तमानपत्र, पुन्हा कापूस. काचेचा गणपती पाठवल्यासारखं बांधलं होतंस. उघडायला अर्धा तास गेला.

याला खेळणं म्हणू नकोस. खऱ्या इंजिनाला क्रेन आणि सहा माणसं लागायची, याला चिमटा आणि चाळिशी लागते. घाम दोन्हीकडे सारखाच येतो.

तुझ्या समरजितची आठवण झाली. त्याचे वडील गार्ड होते, आमच्या मागच्या ओळीत राहायचे. कॉलेजला जाताना हा वह्या काखेत मारून वर्कशॉपच्या फाटकाशी उभा राही आणि आज कोणतं इंजिन उघडलंय ते विचारी. शिट्टीवरून इंजिनाचा नंबर सांगायचा. त्याला अप्रेंटिस व्हायचं होतं. वडील म्हणाले, घरात एकजण काळा होऊन येतो तेवढा पुरे. मग गेला भूगोल शिकवायला. आम्ही त्याला पुस्तकी फिटर म्हणायचो. तो हसायचा, पण त्याला ते आवडत नसे.

खालच्या मजल्यावर विक्रमसिंह राहतात, माझ्याबरोबरच रिटायर झाले. त्यांनी इंजिन काचेवर ठेवून एका बोटानं दाबलं आणि म्हणाले, "आ तो लंगडी छे, साहेब." बराबर आहे. सहा चाकांपैकी चारच टेकतात. का ते उघडल्यावर कळेल.

जोडणीच्या सूचनांचा कागद खोक्यात नाही. तो पाठव.

पद्माकर


नाशिक, २ ऑगस्ट २०२४

ती. पद्माकरदादा,
सा. न.

कागद सोबत आहे. चौदा पानं आहेत आणि सगळी इंग्रजीत. कडेला पेन्सिलीनं मराठीत लिहिलंय ते यांचं अक्षर. पाचव्या पानावर तेलाचा डाग आहे, तो शेंगोळ्यांचा. जेवणाच्या टेबलावरच सगळं चालायचं.

फाटकाची गोष्ट यांनी मला कधी सांगितली नव्हती. पुस्तकी फिटर हे नावही नाही. शिट्टीचं मात्र सांगायचे. टीव्हीवर कुठे वाफेची गाडी दिसली की डोळे मिटून ऐकायचे.

तू लिहितोस, उघडल्यावर कळेल. उघडून झालं असेल तर एक विचारते. काम कसं वाटलं तुला? म्हणजे हात कसा वाटला? मला भिडेखातर बरं लिहू नकोस. तू वर्कशॉपात बघायचास तसं बघ आणि तसंच लिही.

आभावहिनींना नमस्कार.

प्रतिमा


समा, १६ ऑगस्ट २०२४

चि. प्रतिमास अनेक आशीर्वाद.

भीड माझ्याकडे पूर्वीही नव्हती आणि आता तर ऐकूही येत नाही. तेव्हा ऐक.

खालची चौकट आधी. दोन उभ्या बाजू असतात आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या तीन आडव्या पट्ट्या. या पट्ट्या काटकोनात बसल्या तर चाकं टेकतात, नाहीतर जन्मभर डुलतात. इथे चौकट पिळलेली आहे. सोल्डर कुठे कमी, कुठे ढीगभर. शिवाय पहिलीच घडी उलटी घातलेली. घडीच्या जागी पत्र्यात बारीक खाच असते, ती आतल्या बाजूला राहायला हवी. ही बाहेर आहे, म्हणून तडा गेलाय. नवशिक्याचं काम आहे. अप्रेंटिसनं पहिल्या वर्षी केलं असतं तर कान पिळून परत करायला लावलं असतं.

आता वरचा भाग. केबिन, पाण्याच्या टाक्या, कठडे. प्रतिमा, मी भिंग घेऊन तासभर बसलो. टाक्यांवर दोनशेच्या वर रिव्हेट आहेत, मागून सुईनं टोचून उठवायचे असतात, आणि एकाची उंची दुसऱ्यापेक्षा वेगळी नाही. कठड्याची तार केसासारखी सरळ. सोल्डर कुठे दिसतच नाही, दिसू नयेच. विक्रमसिंहांनी बघितलं आणि दोन वेळा "वाह" म्हणाले. हा माणूस एरवी लग्नाच्या पंगतीतही वाह म्हणत नाही.

खाली शिकाऊ आणि वर कारागीर. एकच माणूस सत्तरीनंतर दीडदोन वर्षांत एवढा शिकला. मी त्याला पुस्तकी फिटर म्हणालो होतो ते शब्द परत घेतो.

तेव्हा आता असं करतो. वरचा भाग समरजितचा खरा हात आहे, त्याला बोट लावणार नाही. खालची चौकट तापवून सगळे जोड सोडवतो आणि नव्यानं जोडतो. गणपतीपर्यंत चालेल.

पद्माकर


नाशिक, २७ ऑगस्ट २०२४

ती. पद्माकरदादा,
सा. न.

खालच्या चौकटीला हात लावू नकोस. एकही जोड सोडवू नकोस. वरचं काय वाटेल ते कर.

बाकी सगळं ठीक आहे. आभावहिनींच्या गुडघ्यांना आता कसं आहे?

प्रतिमा


समा, ६ सप्टेंबर २०२४

चि. प्रतिमास अनेक आशीर्वाद.

आभाचे गुडघे आहेत तसेच आहेत. तिनंही तुझं पत्र वाचलं. तिलाही काही समजलं नाही.

नाचता येईना अंगण वाकडं असं आपण म्हणतो. इथे अंगण खरोखरच वाकडं आहे आणि तू म्हणतेस, त्याला हात न लावता नाच. वरच्या भागात काही करण्यासारखं नाही, तो उत्तम आहे. म्हणजे जे चांगलं आहे ते बिघडव आणि जे बिघडलंय ते जप, असा तुझ्या पत्राचा अर्थ होतो.

जोड सोडवल्यानं माणूस पुसला जात नाही. आम्ही इंजिन पुरं उघडायचो. कुणाकुणाच्या हातचे रिव्हेट कापून टाकायचो, त्यांतले निम्मे लोक स्वर्गवासी झालेले असत. त्यांचा अपमान होतोय असं कुणाच्या मनातही यायचं नाही. इंजिन चालावं म्हणून त्यांनी ते ठोकले होते आणि इंजिन चालावं म्हणूनच आम्ही कापायचो.

तुझ्यापुढे दोनच रस्ते आहेत. जोड सोडवायचे आणि इंजिन चालवायचं, किंवा चौकट तशीच ठेवून इंजिन कपाटात ठेवायचं. दुसरं करायचं असेल तर माझी गरज नाही, खोका परत पाठवतो. कारण असेल तर सांग. नसेल तर मला माझं काम करू दे.

पद्माकर


नाशिक, १४ ऑक्टोबर २०२४

ती. पद्माकरदादा,
सा. न.

पाच आठवडे उत्तर दिलं नाही. खोकाही तू परत पाठवला नाहीस, त्याबद्दल मनात बरं वाटलं. परवा दसरा झाला. आज लिहूनच टाकते.

वरचा भाग यांनी केलेला नाही. तो मी केलाय.

यांना कंपवात झाला होता. नीललाही खूप उशिरा सांगितलं, बाकी कुणाला नाहीच. इंजिनाला सुरुवात केली तेव्हा नुकतीच थरथर सुरू झाली होती. खालची चौकट यांनी एकट्यानं केली, चार महिने लागले. टेबलावरचं मेणकापड सात ठिकाणी जळलं. मग वरचं काम आलं. गेल्या वर्षी होळीच्या दिवशी कठड्याची एक बारीक खुंटी लावत होते. ती मोहरीएवढी असते. लावायचे आणि पडायची. मी समोर मटार सोलत होते आणि मोजत होते. अकरा वेळा पडली. मी हात पुसले, म्हटलं, "द्या इकडे," आणि यांच्या हातातून सोल्डरिंग आयर्न काढून घेतलं. विचारलं नाही, काढूनच घेतलं. माझ्या हातून ती पहिल्या खेपेला बसली.

"तुझा हात चांगला आहे," म्हणाले.

त्यानंतर हे शेजारी बसून कागद वाचायचे, मराठीत समजावून सांगायचे, आणि मी करायची. तू मोजलेस ते रिव्हेट माझे. मे महिन्यात चौकटीवर काळा रंगही मीच मारला, पितळ डागळायला लागलं होतं म्हणून. पाहुणे आले की हे सांगायचे, "मी केलंय." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला राग आला होता, दादा. कारण मला त्या कामाचा अभिमान वाटत होता. सदुसष्टाव्या वर्षी कळलं की माझ्या हातात असं काही आहे, आणि ते दुसऱ्याच्या नावावर जात होतं.

आता राग नाही, आता दुसरंच खातंय. ते म्हणत होते ते खरं व्हायला हवं होतं आणि ते मीच होऊ दिलं नाही. अकरा वेळा पडली तर बाराव्यांदा लावली असती. होळीनंतर यांनी आयर्न पुन्हा हातात घेतलं नाही. स्वतःच्याच टेबलाशी पाहुण्यासारखे बसायचे. सगळे म्हणतात, किती केलंस त्यांचं. मी काय केलं ते मला माहीत आहे.

तू ज्याला कारागीर म्हणालास ती मी, आणि नवशिके ते. मी मुद्दाम विचारलं होतं तुला, हात कसा वाटला म्हणून. वाटलं होतं, कुठेतरी खालचंही बरं म्हणशील. त्या पिळलेल्या चौकटीएवढंच यांचं असं उरलंय. ती वितळवलीस तर माझं इंजिन राहील. यांच्या वर्षश्राद्धाला मी माझं इंजिन फिरवून दाखवू का?

प्रतिमा


समा, २५ ऑक्टोबर २०२४

चि. प्रतिमास अनेक आशीर्वाद.

पत्र चारदाच नाही, बरेचदा वाचलं. सांत्वन करणं मला जमत नाही. शेवटची अकरा वर्षं मी तपासनीस होतो. तपासनिसानं जे दिसलं तेच लिहायचं असतं. दिसलं ते लिहितो.

तू लिहितेस की मे महिन्यात चौकटीला काळा रंग मारलास, आणि समरजितनं होळीनंतर आयर्न धरलं नाही. म्हणजे चौकटीचे तिन्ही जोड रंगाच्या आधीचे असायला हवेत, सोल्डर खाली आणि रंग वर. हे वाचून मी भिंग घेऊन पुन्हा बसलो. मागच्या आणि मधल्या पट्टीचं तसंच आहे. पुढच्या पट्टीचं तसं नाही.

पुढच्या पट्टीवर सोल्डर रंगाच्या वर आहे. तिथला रंग ब्लेडनं खरवडून काढलाय, पितळ उघडं केलंय आणि मग जोड दिलाय. कडेचा रंग उष्णतेनं फुगून तपकिरी झालाय. तो जोड मेनंतरचा आहे. तू केला असतास तर लिहिलं असतंस. शिवाय तो तुझ्या हाताचा नाही, तुझा हात मी आता ओळखतो.

तो एकदाच केलेला नाही. सोल्डरच्या तीन रेघा वेगळ्या दिसतात. पहिल्यांदा पट्टी डावीकडे कलली. सोडवली. दुसऱ्यांदा उजवीकडे. पुन्हा सोडवली. तिसऱ्यांदा बसलेली आज आहे. तिला मी काटकोनाचा गुण्या लावला आणि दिव्यासमोर धरलं. फटीतून उजेड येत नाही. पट्टी सरळ आहे.

आणखी एक. चौकटीच्या दोन्ही कडांवर तारेचा वळ आहे. त्यानं पट्टी आधी तारेनं घट्ट बांधली, म्हणजे हात कितीही हलला तरी ती हलणार नाही, आणि मग जोड दिला. ही युक्ती चौदा पानांत कुठे नाही. मी शोधली.

ऑगस्टमध्ये इंजिन डुलताना बघून मी तिन्ही पट्ट्या एका दमात नापास केल्या. भिंग घेतलं ते वरच्या भागासाठी, खाली नुसता डोळा फिरवला. चूक माझी. कसूर मागच्या दोन पट्ट्यांत आहे. त्यानं पुढून सुरुवात केली होती, आम्हीही पुढूनच करायचो. मागच्या दोन त्याच्याकडून राहून गेल्या.

विक्रमसिंहांना दाखवलं. त्यांनी टोपी काढली. मला वाईट वाटलं, आणि फार बरंही वाटलं. फाटकाशी उभा राहायचा त्या मुलाला मी आत घ्यायला हवं होतं असं वाटलं. पुस्तकी फिटर हे शब्द मी तुझं काम बघून परत घेतले होते. आता त्याचं बघून घेतो. तुझ्या कामाबद्दल लिहिलेलं सगळं कायम आहे.

आता कामाचं. इंजिन चालायचं तर मागच्या दोन पट्ट्या सोडवाव्याच लागतील. पुढच्या पट्टीवर ओलं फडकं गुंडाळीन, पण पितळेतून उष्णता धावते. पुढचा जोडही सुटू शकतो. सुटणार नाही असं वचन देत नाही. तू सांगशील तसं करीन. तोवर हात लावत नाही.

पद्माकर


नाशिक, ६ नोव्हेंबर २०२४

ती. पद्माकरदादा,
सा. न.

दोन्ही पट्ट्या सोडव. ओलं फडकं लाव, पण पुढची सुटली तर सुटू दे. यांना तो जोड जपायचा नव्हता, इंजिन सरळ करायचं होतं. म्हणून तर तीनदा केला. जानेवारीपर्यंत झालं तर मी स्वतः बडोद्याला येऊन घेऊन जाईन.

मला ते दिवस आठवले. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये माझी मैत्रीण मंदा हिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी तिच्याकडे सिन्नरला तीन दिवस होते. तेवढेच तीन दिवस हे घरात एकटे होते. परत आले तर उजव्या हाताच्या अंगठ्यावर आणि दोन बोटांवर फोड. विचारलं तर म्हणाले, "चहा गाळताना भाजलं."

मी खूप बोलले. सकाळचा पहिला चहा लग्न झाल्यापासून तेच करायचे, मला अंथरुणात आणून द्यायचे. थरथर सुरू झाल्यावर कप अर्धाच भरायचे, पण आणायचे. त्या दिवसापासून मी यांना गॅसजवळ जाऊ दिलं नाही. भाजीपुरती बाहेर पडतानाही सिलिंडर बंद करून जायची आणि यांच्यासाठी थर्मास भरून ठेवायची. शेवटचे पाच महिने.

आयर्ननं भाजलं असं सांगितलं असतं तर मी ते लपवून ठेवलं असतं. हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून चहा देऊन टाकला आणि आयर्न ठेवलं. मागच्या दोन पट्ट्यांसाठी ठेवलं असणार. त्यानंतर मी त्यांना एक दिवसही एकटं सोडून कुठे गेले नाही.

चहा ते माझ्यापेक्षा चांगला करायचे, दादा.

प्रतिमा